छोटे न्हाणीघर : सुटसुटीत आणि सुरक्षित



घर बांधताना आपण देवघर, स्वयंपाकघर, धान्याची खोली, गोठा यांचा बारकाईने विचार करतो. न्हाणीघराच्या वाट्याला मात्र उरलेला कोपरा येतो. खेड्यातील अनेक घरांत ही जागा ४ फूट रुंद व ५ फूट लांब, म्हणजे अवघी २० चौरस फूट असते. पाच-सहा माणसांचे कुटुंब, मुलांची शाळेची वेळ, दूध घालण्याची घाई, अशा वेळी 'न्हाणी लहान पडते' ही तक्रार, विशेषतः भगिनींकडून, नेहमी ऐकू येते.

भिंत पाडून न्हाणीघर वाढविणे खर्चाचे असते आणि दर वेळी ते शक्यही होत नाही. परंतु त्याआधी एक काम फुकटात करता येते. न्हाणीघरातील सर्व वस्तू एकदा अंगणात काढून ठेवाव्यात आणि त्यांपैकी आंघोळीला लागणाऱ्या किती, हे मोजावे. निम्म्याहून अधिक वस्तू तेथे केवळ सवयीने ठेवलेल्या आढळतील. त्यातील काही जागा अडवितात, तर काहींमुळे घरातील माणसांच्या जीवाला धोका असतो.

जागा जाते कोठे?

एका साधारण न्हाणीघराचा हिशेब पुढीलप्रमाणे मांडता येईल.

१) पाण्याचे २०० लिटरचे पिंप : ४ चौरस फूट
२) बंब : सव्वादोन चौरस फूट
३) कपडे भिजविण्याचे टोपले : सव्वादोन चौरस फूट
४) दोन बादल्या : २ चौरस फूट
५) फवारणी पंप : १ चौरस फूट

एकूण साडेअकरा चौरस फूट जागा वस्तूंनी व्यापली. उरली साडेआठ चौरस फूट, तीही सलग नाही. पाटावर बसून मोकळेपणाने आंघोळ करण्यास सुमारे अडीच फूट बाय तीन फूट, म्हणजे साडेसात चौरस फूट सलग जागा लागते. त्यातच दार आत उघडणारे असेल तर अडीच फुटी दाराच्या फेऱ्यात सुमारे ५ चौरस फूट जागा अडकते. या हिशेबावरून अडचणीचे मूळ ध्यानात येईल. पिंप, बंब, टोपले व पंप बाहेर गेले की केवळ दोन बादल्या उरतात आणि १८ चौरस फूट जमीन मोकळी होते.

सर्वप्रथम औषधे व पंप बाहेर काढावेत

गावभेटीत अनेक घरांच्या न्हाणीघरातील कोनाड्यात खोबरेल तेल, साबण, दाढीचे सामान आणि त्यांच्याच शेजारी कीटकनाशकाची अर्धी बाटली असे दृश्य दिसते. यामागचे कारण समजण्यासारखे आहे. फवारणी करून आलेला माणूस थेट हातपाय धुण्यास तेथे जातो, पंपही तेथेच धुतो आणि उरलेली बाटली हाताशी असलेल्या कोनाड्यात ठेवतो. परंतु आपण बोलण्यात 'औषध' म्हणत असलो तरी ते विष आहे, याचा विसर पडू देऊ नये.

यवतमाळ जिल्ह्यात २०१७ च्या खरिपात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले. विष केवळ तोंडावाटेच जाते असे नाही. ते कातडीतून व श्वासावाटेही शरीरात शिरते. न्हाणीघरात माणूस उघड्या अंगाने, ओल्या कातडीने वावरतो. तेथील टॉवेल, तांब्या, साबण यांना औषधाचा हात लागला तर त्याचा संसर्ग घरातील प्रत्येकास होतो. संध्याकाळी अंधुक उजेडात तेलाची बाटली म्हणून दुसरीच बाटली हाती येण्याचा धोका वेगळा.

न्हाणीघरातील दमटपणा औषधासही मानवत नाही. पाण्यात मिसळणाऱ्या भुकटीचे गठ्ठे होतात, डब्यांना गंज चढतो आणि बाटलीवरील चिठ्ठी भिजून निघून जाते. चिठ्ठी गेली की औषधाचे नाव, मुदत, प्रमाण आणि विषारीपणा दाखविणारा त्रिकोण हे सर्वच गेले. लाल त्रिकोण अत्यंत तीव्र विष दर्शवितो. त्यानंतर पिवळा, निळा व हिरवा असा उतरता क्रम असतो. हिरवा त्रिकोण असलेले औषधही विषच आहे, म्हणून तेसुद्धा न्हाणीघरात ठेवू नये.

औषधे कोठे ठेवावीत?

१) घराबाहेर, सावलीच्या व कोरड्या जागी, कुलूप लावता येईल अशी पत्र्याची पेटी मुलांच्या हाताला येणार नाही इतक्या उंचीवर भिंतीला पक्की करावी. किल्ली एकाच जाणत्या माणसाकडे असावी.

२) पेटी धान्य, बियाणे, पेंड, चारा व पिण्याचे पाणी यांपासून दूर असावी.

३) औषध मूळ बाटलीतच ठेवावे. शीतपेयाच्या किंवा पाण्याच्या रिकाम्या बाटलीत कधीही ओतून ठेवू नये.

४) पंप, मोजमाप, ढवळण्याची काठी, हातमोजे व फवारणीची बादली पेटीजवळच ठेवावी. या बादलीवर लाल रंगाचा ठळक पट्टा ओढावा. ती घरातील कोणत्याही कामास वापरू नये.

५) रिकाम्या बाटल्या तीन वेळा पाण्याने विसळून ते पाणी फवारणीच्या टाकीत घ्यावे व बाटलीला भोके पाडावीत. अशा बाटल्यांचे तांबे, मग किंवा तेलाची भांडी करू नयेत.

बॅटरीवर चालणारा पंप असल्यास त्याचे चार्जिंगही न्हाणीघराजवळ, ओल्या जागी करू नये.

पाणी तापविण्याची सोय

लाकडावरचा बंब बंद न्हाणीघरात पेटविल्यास धुराबरोबर कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू साठतो. या वायूला वास नसतो, त्यामुळे धोका लक्षात येण्यापूर्वीच माणूस बेशुद्ध पडू शकतो. गॅसच्या गिझरबाबतही हीच भीती असते. म्हणून बंब बाहेर पडवीत किंवा पत्र्याच्या छपराखाली ठेवावा. गॅसचा गिझर बाहेरच्या भिंतीवर, मोकळ्या हवेत बसवून गरम पाण्याचा नळ तेवढा आत घ्यावा. यामुळे जागाही वाचते.

पाण्यात बुडविण्याचा विजेचा हीटर वापरत असाल तर बटण बंद करून व पिन काढूनच बादलीत हात घालावा. बटण न्हाणीघराबाहेर असावे. अर्थिंग तपासून घ्यावे आणि जमल्यास विजेची गळती होताच प्रवाह तोडणारा स्विच बसवून घ्यावा.

जमीन मोकळी, भिंत कामाची

न्हाणीघराच्या मांडणीचा एकच नियम लक्षात ठेवावा : बादली, तांब्या व पाट यांखेरीज जमिनीवर काहीही नसावे. बाकी सर्व भिंतीवर जावे.

कोपऱ्यात ५ फूट उंचीवर कडाप्प्याची त्रिकोणी फळी बसवावी. साबण, तेल, शिकेकाई यांना ती पुरते. दाढीचे पाते याहूनही वर ठेवावे. कपड्यांसाठी दाराच्या मागे खुंट्यांच्या दोन रांगा लावाव्यात, मोठ्यांसाठी ५ फुटांवर आणि मुलांसाठी ३ फुटांवर. खुंटी हाताशी आली की मुले कपडे जमिनीवर टाकत नाहीत. टॉवेलसाठी आडवी दांडी पाणी उडणार नाही अशा भिंतीवर असावी.

फिनेल, ब्लीचिंग पावडर आणि संडास धुण्याचे ॲसिड मुलांच्या हाताला न येतील अशा वेगळ्या फळीवर, बाहेरच्या बाजूस ठेवावे. ब्लीचिंग पावडर व ॲसिड एकमेकांजवळ ठेवू नयेत व कधीही एकत्र करू नयेत. त्यातून क्लोरीन हा विषारी वायू निघतो.

दार शक्य असल्यास बाहेर उघडणारे करून घ्यावे. बिजागऱ्या बदलण्याएवढाच खर्च येतो, आतील जागा मोकळी होते आणि आत कोणी घसरून पडल्यास दार उघडता येते. समोरच्या भिंतीत, छताजवळ, दीड फूट बाय एक फूट झरोका ठेवल्यास भिंती लवकर वाळतात. म्हाताऱ्या माणसांसाठी जमिनीपासून अडीच फुटांवर धरण्यास मजबूत लोखंडी दांडी व पायाखाली खरबरीत फरशी असावी.

पिंप आत ठेवण्यावाचून गत्यंतर नसेल तर त्यावर घट्ट झाकण असावे. आठवड्यातून एकदा ते रिकामे करून घासावे, म्हणजे डेंग्यूच्या डासाची पैदास होणार नाही. लहान मूल असलेल्या घरात भरलेली बादलीसुद्धा उघडी ठेवू नये. थोड्याशा पाण्यातही मूल बुडू शकते.

सांडपाण्याची वाट

जमिनीला मोरीकडे दर फुटाला पाव इंच उतार द्यावा. उतार नसेल तर पाणी साचते, शेवाळ धरते आणि तेवढा कोपरा वापरातून जातो.

पाच माणसांच्या घरात माणशी २० लिटर धरले तरी रोज १०० लिटर पाणी न्हाणीतून बाहेर पडते. मोरीच्या तोंडाशी केळी, अळू व कर्दळ लावण्याची आपली जुनी पद्धत चांगलीच आहे. मात्र हे पाणी कच्च्या खाल्ल्या जाणाऱ्या कोथिंबीर, मुळा, गाजर अशा पिकांना देऊ नये. कपडे धुण्याच्या पावडरीत सोडियमचे क्षार असतात. असे पाणी काळ्या जमिनीत एकाच जागी वर्षानुवर्षे मुरल्यास जमीन चोपण होते, म्हणून पाण्याची जागा अधूनमधून बदलावी. पाणी जास्त असल्यास १ मीटर लांब, रुंद व खोल शोषखड्डा घेऊन तळाशी मोठे दगड, त्यावर लहान दगड व वर खडी भरावी. खड्डा विहिरीपासून व हातपंपापासून दूर असावा.

पंप धुतलेले पाणी मात्र या मोरीत कधीही सोडू नये. ते फवारलेल्या पिकाच्या पडीक कडेला, विहीर व ओढ्यापासून दूर ओतावे. न्हाणीघरातून आलेले विष घरच्याच अळूत व केळीत उतरावे, यासारखे दुर्दैव नाही.

फवारणीच्या दिवशी

फवारणी करून आलेल्या माणसाने घरात शिरण्यापूर्वी बाहेरच हात कोपरापर्यंत साबणाने धुवावेत, कपडे बाहेरच उतरवून वेगळ्या टोपल्यात टाकावेत आणि मग आंघोळीस जावे. केस, नखे व कानामागची जागा साबणाने स्वच्छ धुवावी. तोपर्यंत पान, तंबाखू, बिडी किंवा चहाला हात लावू नये. हे कपडे घरच्या कपड्यांत न मिसळता हातमोजे घालून वेगळे धुवावेत. मळमळ, घाम, डोळ्यांपुढे अंधारी, तोंडातून लाळ गळणे अशी लक्षणे दिसल्यास घरगुती उपचारांत वेळ न दवडता १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी व औषधाची बाटली चिठ्ठीसह डॉक्टरांना दाखवावी.

बंधू-भगिनींनो, वरील बहुतेक कामे एका रविवारी, चार खुंट्या, एक फळी व एक कुलूपबंद पेटी एवढ्या साहित्यात होण्यासारखी आहेत. सर्व एकदम जमले नाही तरी हरकत नाही. परंतु कोनाड्यातील बाटली मात्र आजच बाहेर काढावी. त्यासाठी खर्च काहीच नाही, आणि उद्या सकाळी त्याच कोनाड्याकडे घरातील लहान मुलाचा हात जाणार आहे.