तांब्या, टेकडी आणि खड्डा

मागच्या व्याख्यानानंतर धुळ्याच्या एका श्रोत्यांनी आम्हाला विचारलं, "सर, आयुष्यभर तर्कशास्त्र शिकवलंत, मग या वयात खाण बघायला कशाला गेलात?" प्रश्न रास्त आहे. आजचं व्याख्यान म्हणजे त्याचं थोडं लांबलेलं उत्तर समजा.

सुरुवात घरापासून करू. आपल्याकडे पाणी प्यायच्या भांड्याला 'तांब्या' म्हणतात. ते स्टीलचं असलं तरी तांब्याच! धातू गेला, नाव राहिलं. पण खानदेशात हा धातू आला कुठून? आपली जमीन काळ्या कातळाची, साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसाची. या कातळात तांब्याच्या खाणी नाहीत. तरीही तापी-गोमाईच्या संगमावर प्रकाशे इथे 1955 च्या सुमारास उत्खनन झालं, तेव्हा ताम्रपाषाण युगातल्या थरांत तांब्याच्या वस्तू मिळाल्या. म्हणजे साडेतीन हजार वर्षांपूर्वीही आपण तांबं बाहेरूनच आणत होतो. ज्याची झळ आपल्या अंगणाला लागत नाही, त्याची किंमत आपल्याला कळत नाही. ती कळावी म्हणून आम्ही गेलो.

जळगावहून हावडा मार्गावरची गाडी धरायची, भुसावळ, नागपूर करत गोंदियाला उतरायचं आणि तिथून बालाघाटला जायचं. हा जिल्हा आज मध्य प्रदेशात आहे, पण 1956 पर्यंत त्याची राजधानी नागपूर होती. बालाघाटच्या पुढे बैहरच्या परिसरात, गोंड आणि बैगा लोकांच्या मुलखात, मलाजखंड आहे. देशातली तांब्याची सर्वांत मोठी उघडी खाण ती हीच.

काठावर उभं राहिलं की प्रथम बोलणंच खुंटतं. सुमारे दोन किलोमीटर लांब, दोनशे मीटरहून खोल, पायऱ्यापायऱ्यांनी उतरत गेलेला खड्डा. तळाशी चाललेले अजस्र डंपर पोरांच्या खेळण्यातल्या गाड्यांसारखे दिसतात. आणि इथे पूर्वी खड्डा नव्हता बरं का. कमानीसारखी वळलेली, गारगोटीच्या दगडाची टेकडी होती! तो दगड सुमारे अडीचशे कोटी वर्षांपूर्वीचा. आपला काळा कातळ त्याच्यापुढे कालचं पोर.

इतिहास थोडक्यात सांगतो. हिंदुस्तान कॉपर ही सरकारी कंपनी 1967 साली स्थापन झाली आणि 1982 च्या नोव्हेंबरात इंदिरा गांधींच्या हस्ते मलाजखंड प्रकल्प राष्ट्राला अर्पण झाला. याच जिल्ह्यात गुंगेरिया नावाचं गाव आहे. तिथे 1870 साली गुरं राखणाऱ्या पोरांना जमिनीतून डोकावणारा धातू दिसला. खणल्यावर तांब्याची 424 हत्यारं आणि चांदीचे 102 पत्रे निघाले. ते तांबं मलाजखंडचंच असणार, असं म्हणायचा मोह होतो. पण जवळ असणं म्हणजे कारण असणं नव्हे, हा तर्कशास्त्राचा पहिला धडा. तो मोह आम्ही आवरला.

आता हिशेब बघा. इथल्या शंभर किलो खनिजात तांबं जेमतेम एक किलो. सुरुंगाने फोडायचं, भरडायचं, पिठासारखं दळायचं, मग रसायनं घातलेल्या पाण्यात हवा सोडून फेस काढायचा. तांब्याचे कण त्या फेसाला चिकटून वर येतात, बाकीचा चोथा खाली राहतो. अर्ध्या किलोच्या एका तांब्यामागे पन्नास किलो दळलेला दगड. खनिजापर्यंत पोचायला बाजूला सारलेला दगड वेगळाच.

इथे आमचं शास्त्र कामाला येतं. सांख्य म्हणतात, कार्य कारणात आधीपासूनच असतं. तेल तिळातून निघतं, वाळूतून निघत नाही. नैयायिक म्हणतात, नाही, कार्य नव्याने उत्पन्न होतं. खाणीच्या काठावर आपण सगळेच सांख्य होतो. तांबं दगडात होतंच, आम्ही फक्त काढलं, असं म्हणतो. ठीक. मग नव्व्याण्णव किलो चोथाही त्यात होताच की! दगडात गंधक असतं. त्याला हवा-पाणी लागलं की आम्ल तयार होतं आणि ते धातू विरघळवत ओढ्याकडे निघतं. अशा खाणींची ही जगभरची डोकेदुखी आहे. तांबं आमचं आणि आम्ल निसर्गाचं, अशी वाटणी सांख्यांना चालणार नाही. खाण तशी माती, असं आपण म्हणतो ना, ते इथे अक्षरशः खरं आहे.

आणि खड्डा? न्यायवैशेषिकांनी अभावाचे चार प्रकार सांगितले आहेत. मडकं घडण्यापूर्वी त्याचा जो अभाव असतो, तो प्रागभाव. त्याला आरंभ नाही, पण मडकं घडलं की अंत आहे. मडकं फुटल्यावरचा अभाव तो प्रध्वंसाभाव. त्याला आरंभ आहे, अंत नाही. वर्गात हे शिकवताना आम्ही फुटक्या मडक्याचंच उदाहरण द्यायचो. खरं उदाहरण त्या दिवशी डोळ्यांनी पाहिलं. उद्या कोणी खड्डा भरला तरी तो नवा ढीग होईल, ती टेकडी परत येणार नाही.

मलाजखंडला आता उघड्या खड्ड्याखालून भुयारी खाणकाम सुरू झालं आहे. चिलीतल्या चुकिकामाता या प्रचंड खाणीतही शतकभराच्या उघड्या खोदकामानंतर 2019 साली हेच झालं. म्हणजे खाणीचं रूप बदलतं, तिचं आयुष्यही कधीतरी संपतं. खड्ड्याचं आणि चोथ्याच्या तळ्याचं संपत नाही. ज्या अभावाला अंत नाही, त्याच्या राखणीलाही अंत असता कामा नये, एवढंच आमचं म्हणणं.

मग तांबं वापरायचंच नाही का? तसं कसं म्हणू? रावेर-यावलच्या केळीला पाणी देणारी मोटार तांब्याच्या तारेवरच फिरते. पण तांबं कितीदाही वितळवलं तरी तांबंच राहतं. जळालेल्या मोटारीची तार, आजीचा चेपलेला बंब, हंडा, हे सगळं आपण मोडीत घालतो ना? ती मोड म्हणजे टेकडी न फोडता मिळालेलं तांबं. तिचा भाव दुकानदार वजनावर सांगतो. त्यातल्या प्रत्येक किलोमागे शंभर किलो दगड आपण धरायचा. एवढं जरी घरी नेलंत, तरी आमची बालाघाटची फेरी कारणी लागली.