मिलचा भोंगा थांबल्यावर

सोलापुरात ज्यांचं लहानपण गेलं, त्यांना मिलचा भोंगा म्हणजे काय, हे सांगावं लागत नाही. आमच्या गल्लीत घड्याळ दोन-तीन घरांतच होतं, पण वेळ सगळ्यांना ठाऊक असे. पहिल्या पाळीच्या भोंग्याआधी अम्मी उठलेली असायची. पाळी सुटल्याचा भोंगा झाला की आम्ही पोरं कोपऱ्यावर जाऊन अब्बांची वाट बघायचो. अब्बा विणाई खात्यात साच्यावर होते. नव्वदच्या दशकात मिलला कुलूप लागलं. पहिले काही दिवस अब्बा पहाटे नेहमीच्याच वेळी उठत, अंघोळ करून बाहेर पडत, मिलच्या गेटपर्यंत जात आणि परत येत. मग तेही थांबलं.

त्यानंतर त्यांची झोप गेली. छातीत धडधड व्हायची. भाजीत मीठ कमी पडलं तर ताट सरकवून द्यायचे, आणि अर्ध्या तासाने स्वतःच डोळे पुसायचे. आम्ही त्यांना डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टर चांगले होते. भूक लागते का, झोप किती, तंबाखू खाता का, सगळं त्यांनी विचारलं. टॉनिक दिलं, झोपेच्या गोळ्या दिल्या. काम आहे का, हे मात्र विचारलं नाही, आणि आम्हीही सांगितलं नाही. दुखणं शरीराचं, कामाचा त्याच्याशी काय संबंध, असंच आम्हाला वाटत होतं.

तो संबंध फार पूर्वी कुणीतरी मोजून ठेवला होता, हे मला पुष्कळ वर्षांनी एका पुस्तकातून कळलं. ऑस्ट्रियात, व्हिएन्नापासून जवळच मारिएन्थाल नावाची गिरणी कामगारांची एक वस्ती आहे. तिथली कापड गिरणी १९३० पर्यंत पूर्ण बंद पडली. वस्तीतल्या ४७८ कुटुंबांपैकी बहुतेकांची रोजी एकदम गेली. १९३१ च्या अखेरीस व्हिएन्नाहून संशोधकांचा एक गट तिथे पोहोचला. मारी याहोडा, पॉल लाझार्सफेल्ड आणि हान्स झाइझेल ही त्यांतली प्रमुख नावं. याहोडा तेव्हा जेमतेम चोविशीची होती. या मंडळींनी नुसत्या प्रश्नावल्या भरून घेतल्या नाहीत. वस्तीसाठी कपडे गोळा केले, डॉक्टरांची तपासणी ठेवली, आणि ही कामं करता करता माणसं पाहिली. १९३३ साली त्यांचं पुस्तक आलं.

त्यांचा अंदाज असा होता की हाती वेळ आला की माणसं वाचतील, सभांना जातील, बागेत बसतील. घडलं उलटंच. वाचनालयाची वर्गणी माफ झाली होती, तरी पुस्तकं नेण्याचं प्रमाण दोन वर्षांत जवळजवळ निम्म्यावर आलं. एकेकाळी निगुतीने राखलेली बाग रानटी वाढली. संशोधक खिडकीआड घड्याळ घेऊन बसले आणि रस्त्यावरून जाणाऱ्यांच्या चालीची नोंद करू लागले. बायका भराभर चालत होत्या. पुरुष हळू चालत, मध्येच थांबत, भिंतीला टेकत. त्यांना कुठे वेळेवर पोहोचायचंच नव्हतं. कित्येकांनी खिशात घड्याळ बाळगणंही सोडून दिलं होतं. दिवसभर काय केलं, हे लिहून द्या म्हटलं तर उठलो, जेवलो, झोपलो, यापलीकडे त्यांना आठवत नसे.

हे वाचताना मला मिलच्या गेटवरून परत येणारे अब्बा दिसले. आणि बायकांच्या चालीबद्दल वाचलं तेव्हा अम्मी दिसली. सोलापुरात मिली बंद पडल्या तेव्हा हजारो घरं विड्यांवर तगली, हे इथल्या कुणालाही विचारा. अम्मीही विड्या वळायची. मांडीवर सूप, सुपात पानं आणि तंबाखू, आणि डोक्यात हजाराचा हिशेब. तिला भिंतीला टेकून उभं राहायला सवड नव्हती. म्हणून तिचं मन ठणठणीत होतं, असं मात्र कुणी समजू नये. तिची कंबर दुखायची, जीव घाबरा व्हायचा. तिला डॉक्टरांकडे कुणी नेलंच नाही, इतकाच फरक.

आता पैशाची गोष्ट. मारिएन्थालच्या संशोधकांनी कुटुंबांचे चार गट पाडले. उमेद टिकवून धरलेली, परिस्थिती मुकाट्याने सोसणारी, निराश झालेली आणि सगळंच सोडून दिलेली. मग त्यांनी प्रत्येक गटाचं माणशी मासिक उत्पन्न काढलं. ते अनुक्रमे ३४, ३०, २५ आणि १९ शिलिंग भरलं. चार ते सहा शिलिंगांची एकेक पायरी उतरावी आणि मन एकेक पायरी खाली यावं! मी कवितेत मनाला आकाश वगैरे म्हणतो, पण हे आकडे वाचल्यावर काही दिवस मला ते म्हणवेना.

इथे एक शंका कुणीही काढील. गरिबीने मन खचतं, की मनाने मुळातच कच्ची असलेली माणसं मागे पडून गरीब होतात? शंका रास्त आहे. आजारपणाने नोकरी गेलेली माणसं आपण सगळ्यांनीच पाहिली आहेत. दोन्ही गोष्टी घडतात, आणि एकीतून दुसरी वाढते. पण पहिली गोष्ट खरोखर घडते, हे दाखवणारा एक अभ्यास आपल्याच देशात झाला आणि तोही ऊस उत्पादकांवर. आनंदी मणी, सेंधिल मुल्लईनाथन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तामिळनाडूतल्या ४६४ ऊस शेतकऱ्यांना तोडणीच्या आधी आणि नंतर अशा दोन वेळा तपासलं. उसाचा पैसा वर्षातून एकदाच येतो. तोडणीआधी घरात चणचण असते, दागिने गहाण पडतात. बिल हाती पडलं की जरा मोकळं वाटतं. त्याच माणसाला दोन्ही वेळी आकृत्यांची कोडी आणि लक्ष एकाग्र करण्याच्या चाचण्या दिल्या. तोडणीआधी तो अडखळला, नंतर सुधारला. माणूस तोच, डोकं तेच, मधल्या काळात बदलला तो मुख्यतः खिसा. निष्कर्ष २०१३ साली प्रसिद्ध झाले. चाचणी बुद्धीची होती, आजाराची नव्हती, हे खरं. पण काळजी माणसाच्या डोक्यातली किती जागा अडवून बसते, ते त्यातून कळतं. कर्जबाजारी माणूस गाफील असतो, त्याला नियोजन जमत नाही, असं आपण सहज बोलून जातो. ते पुन्हा बोलण्यापूर्वी हा अभ्यास आठवावा.

उलट बाजूनेही पुरावा आहे. इंडोनेशियात गरीब कुटुंबांना सरकारकडून रोख मदत सुरू झाली, तेव्हा तिथल्या आत्महत्यांचं प्रमाण सुमारे १८ टक्क्यांनी घटल्याचं २०१९ च्या एका अभ्यासात आढळलं.

तरीही पैसा हा अर्धाच भाग, असं याहोडाचं म्हणणं. पुढे इंग्लंडात स्थायिक झाल्यावर तिने यावर बरंच लिहिलं. पगाराखेरीज काम माणसाला आणखी काही देतं, आणि ते कोणत्याही करारात लिहिलेलं नसतं. दिवसाला बांधणी येते. घराबाहेरची माणसं भेटतात. चारचौघांनी मिळून काही केल्याचं समाधान लाभतं. लोकांत ओळख राहते. आणि हात रिकामे राहत नाहीत. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईत डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला आणि सुमारे अडीच लाख गिरणी कामगार बाहेर पडले. पगारासोबत त्यांच्यातल्या कितीजणांचं हे सगळं कायमचं गेलं, त्याची मोजदाद कुणी केली नाही.

अब्बांच्या बाबतीत एक गोष्ट मला हे वाचल्यावर उलगडली. मिल सुटल्यावर ते पाचही वेळा मशिदीत जाऊ लागले. आधी पाळीमुळे जुम्म्याची नमाजही कधी कधी हुकायची. त्यांची श्रद्धा अचानक वाढली, असं आम्हाला वाटलं. तशी वाढलीही असेल. पण भोंगा गेल्यावर दिवसाला पाच खुंट्या उरल्या होत्या त्या अजानच्या, आणि प्रत्येक खुंटीपाशी चार ओळखीची माणसं होती. आमच्याच गल्लीतल्या दुसऱ्या एका कामगाराने हाच आधार भजनी मंडळात शोधला, आणि तिसऱ्याने दारूच्या गुत्त्यावर.

निम्हान्सने २०१५-१६ साली बारा राज्यांत केलेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणात शंभर प्रौढांमागे दहा-अकरा जणांना त्या वेळी कोणता ना कोणता मानसिक विकार होता. त्यांतल्या बहुसंख्यांना उपचार मिळत नव्हते. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने दारिद्र्यरेषेखालच्या माणसाला सरकारी केंद्रांत मोफत उपचारांचा हक्क दिला आहे. त्यासाठी रेशनकार्डाच्या रंगाची अट नाही. हे फारच थोड्यांना माहीत आहे, म्हणून मुद्दाम सांगतो. २०२२ पासून ‘टेलिमानस’ची १४४१६ ही मोफत फोनसेवाही आहे, तिथे मराठीत बोलता येतं. गोळी लागेल तेव्हा गोळी घ्यावीच. परिस्थितीचं दुखणं म्हणून औषध टाळणं हा दुसरा मूर्खपणा. माझं मागणं एवढंच आहे की केसपेपरवर रक्तदाबाशेजारी एक ओळ कामासाठी आणि एक कर्जासाठी असावी.

अब्बांना दीडेक वर्षाने टॉवेलच्या एका कारखान्यात गठ्ठे बांधायचं काम मिळालं. पगार मिलच्या निम्माही नव्हता. पहिल्या दिवशी अम्मीने माळ्यावरचा डबा काढून घासला. त्यांची झोप हळूहळू परत आली. छातीतली धडधड मात्र शेवटपर्यंत अधूनमधून येत राहिली.