दार उघडल्यानंतर...

'आता सुटलीस ना एकदाची? मग झालं! मूव्ह ऑन कर की!'

हे वाक्य मी म्हटलंय. माझ्या सगळ्यात जवळच्या मैत्रिणीला. लग्न नावाच्या तुरुंगातून ती लेकाला घेऊन बाहेर पडली, त्यानंतर सहाच महिन्यांनी. ती नुसती हसली आणि तिने कॉफी मागवली. मी मात्र चांगला सल्ला दिल्याच्या खुशीत!

मग एका शुक्रवारी रात्री, ऑफिसची कटकट डोक्यातून काढायची म्हणून मी 'रूम' लावला. लेनी अब्राहमसनचा २०१५ चा सिनेमा. एमा डोनह्यू हिने पटकथा लिहिलीय, तिच्या स्वतःच्याच २०१० च्या कादंबरीवरून. (पुढे गोष्ट फुटणार आहे. पाहिला नसेल, तर आधी पाहून या.)

गोष्ट अमेरिकेतली. सतरा वर्षांच्या जॉयला एक माणूस 'माझा कुत्रा आजारी आहे' अशी थाप मारून पळवतो आणि परसातल्या शेडमध्ये कोंडतो. सात वर्षं! दाराला कोडचं कुलूप, उजेडाला छतातली एक काच. तिथेच तिला जॅक होतो. सिनेमा सुरू होतो तो जॅकच्या पाचव्या वाढदिवसाला. त्याच्यासाठी ही खोली म्हणजे तुरुंग नाहीच. ते अख्खं जग आहे, आणि त्याचं नाव 'रूम'. तो सकाळी उठून दिव्याला, झाडाला, सिंकला गुड मॉर्निंग म्हणतो. त्याची आई त्याच्याकडून व्यायाम करून घेते, केक भाजते, अंड्यांच्या टरफलांचा साप करते. तो माणूस रात्री आला की जॅकला कपाटात झोपवते. चार भिंतींत तिने लेकासाठी एक बालपण उभं केलंय!

मग सुटकेचा बेत. जॅक मेल्याचं नाटक करतो, गालिच्यात गुंडाळलेला बाहेर पडतो आणि चालत्या गाडीतून उडी मारतो. माझा श्वास अडकला होता. पोलीस पोचतात, मायलेकरं भेटतात. मला वाटलं, संपला सिनेमा. घड्याळ पाहिलं, तर जवळजवळ निम्मा बाकी!

आणि खरी गोष्ट तर तिथेच सुरू होते. जॅकला जिना उतरणंसुद्धा नवीन आहे. तरी तो हळूहळू रुळतो. मोडते ती आई. दरम्यान तिच्या आईवडिलांचा घटस्फोट झालाय. वडिलांना नातवाकडे बघवतसुद्धा नाही. एका टीव्ही मुलाखतीत तिला विचारतात, बाळ झाल्यावर त्याला हॉस्पिटलबाहेर नेऊन ठेवायला त्या माणसाला का नाही सांगितलंस? म्हणजे जिने त्याला जगवलं, तिलाच जाब! त्यानंतर ती स्वतःला संपवायचा प्रयत्न करते. ब्री लार्सनला या भूमिकेसाठी २०१६ मध्ये ऑस्कर मिळालं, ते का, हे या भागात कळतं. आणि जेकब ट्रेम्ब्ले या चिमुरड्याचं काय सांगू? आईला बळ मिळावं म्हणून जॅक आपले कधीच न कापलेले लांब केस कापून तिला पाठवतो. तिथे मी ढसाढसा रडले.

शेवटी जॅकच्या हट्टाखातर दोघं ती खोली पुन्हा पाहायला जातात. आता ती त्याला इवलीशी दिसते. दार उघडं असेल, तर ती रूम कसली? तो एकेका वस्तूचा निरोप घेतो. आईसुद्धा ओठांतल्या ओठांत निरोप घेते.

दार उघडलं म्हणजे माणूस सुटला, असं आपण किती सहज धरून चालतो! ती इतकी वर्षं राहिलीच का, आधीच का नाही निघाली, हे प्रश्न आपणही विचारतोच ना? अगदी लंच टाइममध्ये, डबा खाता खाता!

दुसऱ्या दिवशी मी मैत्रिणीला फोन केला. 'सॉरी' म्हटलं. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, 'अगं, अजून लॅचचा आवाज आला की पोटात गोळा येतो.'

या वेळी मी सल्ला दिला नाही. नुसतं ऐकलं. तासभर.