चरबी अंगात, तरी उपासमार

पिकल्या केळ्यांभोवती घोंगावणारं चिलट म्हणजे ड्रोसोफिला. त्याची अळी जेमतेम चार-पाच दिवस खात सुटते, कारण कोषात गेल्यावर खाणं बंद. पंख, पाय, डोळे सगळं साठवणीतूनच घडवायचं. चरबीचा हा साठा ‘फॅट बॉडी’ या अवयवात असतो.

त्यावर हुकमत न्यूक्लिअर रिसेप्टरांची, म्हणजे डीएनएवर बसून जनुकं चालू-बंद करणाऱ्या प्रथिनांची. मला सगळ्यांत विलक्षण वाटतो तो एचएनएफ-४. अळी उपाशी राहिली की चरबीतून मेदाम्लं सुटतात. तीच एचएनएफ-४ला जागं करतात, आणि तो मेदाम्लं जाळणारी जनुकं कामाला लावतो. युटा विद्यापीठातल्या कार्ल थमेल यांच्या गटानं २००९ साली दाखवलं, की एचएनएफ-४ नसलेल्या अळ्या उपासमारीत लवकर मरतात, आणि मरताना अंगात चरबी शिल्लक असते! इंधन आहे, पेटवणारा नाही.

याच कुळातला दुसरा रिसेप्टर डीएचआर-९६ मात्र आतड्यात काम करतो. तो नसेल तर चरबी पचवणारं मॅग्रो हे विकर कमी पडतं आणि चिलट रोडावतं.

चिलटात असे रिसेप्टर १८, माणसात ४८. एचएनएफ-४चा भाऊबंद आपल्याही यकृतात आणि स्वादुपिंडात आहे. त्याच्या जनुकातल्या बिघाडानं तरुणपणीच मधुमेहाचा एक प्रकार जडतो.