चिठ्ठी संगणकावर आली, पण औषधाच्या दुकानापर्यंत पोहोचली का?

१९९५ साली अमेरिकेत टेक्सास राज्यातल्या ओडेसा शहरात एका हृदयविकाराच्या रुग्णाला डॉक्टरांनी ‘आयसॉर्डिल’ हे औषध लिहून दिले. छातीतल्या दुखण्यावरचे औषध, मात्रा २० मिलिग्रॅम, दर सहा तासांनी. औषधविक्रेत्याने चिठ्ठीवरचे नाव ‘प्लेंडिल’ असे वाचले. प्लेंडिल हे रक्तदाबाचे औषध, आणि त्याची दिवसाची कमाल मात्रा १० मिलिग्रॅम. बेचाळीस वर्षांच्या त्या माणसाच्या वाट्याला मर्यादेच्या आठपट औषध आले. त्याला हृदयविकाराचा झटका आला आणि काही दिवसांत तो दगावला. १९९९ मध्ये ज्यूरीने डॉक्टर आणि औषधविक्रेता या दोघांना मिळून साडेचार लाख डॉलरची भरपाई द्यायला लावली. डॉक्टरांनी औषध योग्यच निवडले होते, पण अक्षर वाचता आले नाही.

आपल्याकडे डॉक्टरांचे अक्षर हा थट्टेचा विषय होऊन बसला आहे. कायद्याने मात्र त्याकडे गांभीर्याने पाहिले आहे. औषधांची जेनेरिक नावे सुवाच्य आणि शक्यतो कॅपिटल अक्षरांत लिहावीत, असा नियम भारतीय वैद्यक परिषदेने २०१६ मध्ये केला. ऑगस्ट २०२५ मध्ये पंजाब आणि हरियाणा उच्च न्यायालयाने आणखी पुढचे पाऊल टाकले. एका जामीन अर्जाच्या सुनावणीत सरकारी डॉक्टरांचा वैद्यकीय अहवाल न्यायमूर्तींनाच वाचता येईना. वाचता येईल अशी चिठ्ठी मिळणे हा घटनेच्या २१व्या कलमाखालचा, म्हणजे जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, असे न्यायालयाने ठरवले. संगणकीय चिठ्ठ्यांची व्यवस्था दोन वर्षांत उभी करा आणि तोवर कॅपिटल अक्षरांत लिहा, असेही सांगितले.

आता शहरांतल्या अनेक दवाखान्यांत संगणकावरची छापील चिठ्ठी हातात पडते. कुठे ती पीडीएफ होऊन व्हॉट्सॲपवर येते. वाचायला सोपी, नीटनेटकी. पण हिला ई-प्रिस्क्रिप्शन म्हणावे का? खऱ्या अर्थाने नाही. हा सुंदर अक्षरातला कागदच आहे. डॉक्टरांच्या संगणकावर उमटलेली माहिती औषधविक्रेत्याच्या संगणकापर्यंत जशीच्या तशी पोहोचणे, वाटेत रुग्णाच्या जुन्या औषधांशी आणि ॲलर्जींशी ती ताडून पाहिली जाणे, आणि औषध दिल्यावर ती नोंद बंद होणे, इतके सगळे त्या नावात अभिप्रेत आहे.

इंग्लंडमध्ये हे काम २००५ पासून टप्प्याटप्प्याने उभे राहिले. तिथला रुग्ण आपले औषधाचे दुकान आधीच नेमून ठेवू शकतो. डॉक्टरांनी डिजिटल सही केली की चिठ्ठी राष्ट्रीय यंत्रणेमार्फत त्या दुकानात जाते. एस्टोनिया या चिमुकल्या देशात २०१० पासून रुग्णाने ओळखपत्र दाखवले की कोणत्याही दुकानात त्याची चिठ्ठी उघडते. २०१९ पासून फिनलंडमध्ये लिहिलेली चिठ्ठी एस्टोनियात चालते. एका देशातला डॉक्टर, दुसऱ्या देशातला विक्रेता, आणि मधे कागद नाही.

याचा उपयोग किती होतो, हे न्यूयॉर्क राज्यातल्या दवाखान्यांच्या एका अभ्यासातून दिसले. तो २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. ई-प्रिस्क्रिप्शन स्वीकारलेल्या डॉक्टरांच्या दर १०० चिठ्ठ्यांमागे आधी ४२.५ चुका सापडत होत्या. वर्षभरात त्या ६.६ वर आल्या. जे कागदावरच राहिले, त्यांचे प्रमाण जवळपास जागच्या जागी राहिले. या आकड्यांत न वाचता येणाऱ्या अक्षराच्या चुका धरलेल्याच नाहीत, त्यांची मोजणी वेगळी होती. म्हणजे चिठ्ठीवर मात्रा राहून जाणे, किती दिवस घ्यायचे ते न लिहिणे, संक्षेपांचा घोळ होणे, अशा चुकाही घटल्या. रकाना रिकामा ठेवून संगणक पुढे जाऊ देत नाही, हे त्यामागचे साधे कारण.

पण संगणक जुन्या चुका पुसतो तशा नव्या चुका करायलाही लावतो. ‘एमईटी’ ही तीन अक्षरे टंकली की पडद्यावर मेटफॉर्मिन, मेटोप्रोलॉल, मेट्रोनिडाझोल, मेथोट्रेक्सेट अशी नावे एकाखाली एक उतरतात. पहिले मधुमेहाचे, दुसरे रक्तदाबाचे, तिसरे जंतुसंसर्गावरचे, आणि चौथे संधिवातात आठवड्यातून एकदाच घ्यायचे जहाल औषध. बोट एका ओळीने घसरले की औषध बदलते. मेथोट्रेक्सेटच्या बाबतीत तर नाव बरोबर असून ‘रोज’ हा पर्याय आपोआप निवडला गेला, तरी जिवावर बेतू शकते. म्हणूनच या गोळ्यांसाठी प्रणालीत ‘आठवड्यातून एकदा’ हाच पर्याय आधीपासून निवडलेला असावा, असा औषधसुरक्षेच्या जाणकारांचा आग्रह असतो.

२०१३ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोतल्या कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या रुग्णालयात घडलेला प्रसंग डॉ. रॉबर्ट वॉक्टर यांनी ‘द डिजिटल डॉक्टर’ या पुस्तकात तपशिलाने मांडला आहे. सोळा वर्षांच्या मुलाला नेहमीच्या प्रतिजैविकाची एक गोळी द्यायची होती. डॉक्टरांनी १६० हा आकडा भरला, त्यांच्या मनात होते १६० मिलिग्रॅम. पडद्यावरचे एकक होते वजनाच्या दर किलोमागे मिलिग्रॅम. संगणकाने गुणाकार केला आणि मागणी गेली साडेअडतीस गोळ्यांची. धोक्याच्या सूचना आल्या, त्या डॉक्टरांनी आणि औषधतज्ज्ञांनी बाजूला सारल्या. यंत्रमानवाने गोळ्या मोजून भरल्या. परिचारिकेला शंका आली, पण बारकोडने ‘बरोबर’ असा निर्वाळा दिला. मुलाला जोराची आकडी आली. सुदैवाने तो वाचला.

त्या सूचना बाजूला का सारल्या गेल्या? कारण त्या फार येतात. किरकोळ आणि गंभीर धोका एकाच रंगाच्या चौकटीत दिसू लागला, की हात नकळत ‘पुढे जा’ वर पडतो. धोक्याच्या सूचना ४९ ते ९६ टक्के वेळा ओलांडल्या जातात, असे २००६ मधल्या एका आढाव्यात आढळले होते. हा डॉक्टरांचा निष्काळजीपणा म्हणून सोडून देता येणार नाही. कुठली सूचना खरोखर थांबवणारी असावी, हे ठरवणाऱ्यांचा तो दोष आहे.

आणि ठरवणारा कोण, हा प्रश्न तर फारच महत्त्वाचा. अमेरिकेत ‘प्रॅक्टिस फ्यूजन’ नावाच्या कंपनीचे सॉफ्टवेअर हजारो दवाखान्यांत वापरले जाई, आणि ते बरीच वर्षे मोफत होते. वेदनेवरील अफूजन्य औषधांची विक्री वाढावी म्हणून या कंपनीने औषधकंपनीकडून पैसे घेऊन डॉक्टरांच्या पडद्यावर खास सूचना पेरल्या होत्या. २०१६ ते २०१९ या काळात ती सूचना सुमारे २३ कोटी वेळा झळकली. जानेवारी २०२० मध्ये कंपनीने १४.५ कोटी डॉलर भरून प्रकरण मिटवले. डॉक्टरांना सॉफ्टवेअर फुकट मिळत असेल, तर त्याचा खर्च कोण उचलतो हे भारतातही विचारलेच पाहिजे.

यंत्रणा बंद पडली तर काय, याचे धडेही मिळाले आहेत. नोव्हेंबर २०२२ मध्ये दिल्लीच्या एम्सवर सायबर हल्ला झाला आणि नोंदणीपासून अहवालांपर्यंतची कामे कित्येक दिवस हाताने करावी लागली. जुलै २०२४ मध्ये क्राउडस्ट्राइक या सायबरसुरक्षा कंपनीच्या सदोष अपडेटमुळे इंग्लंडमधल्या बऱ्याच दवाखान्यांची प्रणाली थांबली आणि डॉक्टरांना पुन्हा कागदी चिठ्ठ्या काढाव्या लागल्या. कागदाची सोय मोडीत काढून चालणार नाही, हे उघड आहे.

भारतात सुरुवात झाली आहे. २५ मार्च २०२० च्या टेलिमेडिसिन मार्गदर्शक सूचनांनी सही केलेल्या चिठ्ठीचा फोटो किंवा ई-प्रिस्क्रिप्शन रुग्णाला पाठवायला मुभा दिली, मात्र अमली औषधे आणि औषध नियमांच्या परिशिष्ट एक्समधली कडक नियंत्रणाखालची औषधे त्यातून वगळली. सरकारच्या ई-संजीवनी सेवेत डॉक्टर दूरवरून तपासून ई-चिठ्ठी देतात. फेब्रुवारी २०२३ पर्यंत या सेवेने १० कोटी सल्लामसलतींचा टप्पा गाठला. सप्टेंबर २०२१ मध्ये आयुष्मान भारत डिजिटल मिशन देशभर सुरू झाले आणि आरोग्य-ओळखीचा १४ अंकी ‘आभा’ क्रमांक आला.

अडते ते शेवटच्या टोकाला, मेडिकलच्या काउंटरवर. डॉक्टरांनी तसे लिहिले नसेल तर एका चिठ्ठीवर दुसऱ्यांदा औषध देऊ नये, असे औषध नियम सांगतात. कागदी चिठ्ठीवर विक्रेता शिक्का तरी मारतो. व्हॉट्सॲपवरची तीच पीडीएफ दहा दुकानांत दाखवता येते, आणि अकराव्या दुकानदाराला त्याचा पत्ता नसतो. झोपेच्या गोळ्या आणि प्रतिजैविके यांच्या बाबतीत ही फट भयंकर आहे.

ब्रँडच्या नावांचा गोंधळ वेगळाच. ‘फाल्सिगो’ आणि ‘फाल्सिटॅब’ ही दोन्ही मलेरियावरची औषधे, पण आतले रसायन वेगळे. २००१ मध्ये हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, आणि औषधांच्या नावांतले साम्य इतर मालापेक्षा कडक कसोटीवर तपासले पाहिजे, असे न्यायालयाने सांगितले. नावे इतकी जुळी असतील तर सुवाच्य टंकाचाही मर्यादितच उपयोग.

शिवाय वेळ. भारतातल्या प्राथमिक उपचारात डॉक्टर रुग्णाला सरासरी दोनच मिनिटे देतात, असे २०१७ मधल्या एका जागतिक आढाव्यात दिसले. त्या दोन मिनिटांत पडद्याकडे बघायचे की रुग्णाच्या चेहऱ्याकडे? आणि आपल्या खेड्यापाड्यांत तर कितीतरी रुग्णांना चिठ्ठीच मिळत नाही. सुई आणि कागदाच्या पुडीत चार रंगांच्या गोळ्या, एवढ्यावर ते घरी जातात. त्यांच्यासाठी ई-चिठ्ठीच्या आधी साधी चिठ्ठी यायला हवी.

तरीही एक फायदा आजच, फारसा खर्च न करता मिळू शकतो. ‘१-०-१’ किंवा ‘बीडी’ ऐवजी ‘सकाळी एक, रात्री एक, जेवणानंतर’ असे मराठीत छापून देणारी सॉफ्टवेअर उपलब्ध आहेत. चष्मा लावून स्वतः गोळ्या मोजणाऱ्या आजीला दुसऱ्या कोणाला विचारावे लागत नाही. प्रत्येक दवाखान्याने एवढे तरी करावे.

सरकारने पुढच्या टप्प्यात चिठ्ठ्या छापण्याच्या आकड्यांवर समाधान मानू नये. विक्रेत्याला चिठ्ठी पडताळता आणि औषध दिल्यावर बंद करता आली पाहिजे, सॉफ्टवेअरमध्ये औषधकंपनीच्या पैशाला बंदी हवी आणि जेनेरिक नाव ठळक हवे. तोवर वाचकांनी आपल्यापुरते इतके करावे: दर भेटीत चिठ्ठी मागून घ्यावी, चालू औषधांची आणि ॲलर्जींची यादी डॉक्टरांसमोर ठेवावी, आणि मेडिकलमधून बाहेर पडण्याआधी स्ट्रिपवरचे नाव आणि मिलिग्रॅम चिठ्ठीशी जुळवून पाहावेत. जुळले नाही, तर गोळी घेण्याआधी डॉक्टरांना फोन करावा.