बटण बंद म्हणजे करंट बंद नव्हे

रमजानमधल्या एका सहरीला आमच्या ओट्यावरचा बल्ब गेला. निघोजेत आम्ही राहतो ती दहा खोल्यांची ओळ आहे. वर पत्रा, समोर अरुंद पडवी, पडवीच्या टोकाला सगळ्या खोल्यांचे मीटर आणि मेन एका पेटीत. पेटीला कुलूप, चावी खोलीमालकांकडे, आणि मालक राहतात गावठाणात. सहरीची दहा मिनिटे उरली होती. मी वुजू करून आलेलो, हात ओले. बटण बंद केले, प्लॅस्टिकची खुर्ची ओढली, वर चढलो आणि बल्ब दाबून फिरवला. बल्बचे प्लॅस्टिकचे अंग हातात आले, पत्र्याचे टोपण होल्डरमध्येच राहिले. ते चिमटीत धरायला गेलो तर आतल्या उघड्या तारेला बोट लागले आणि असा झटका बसला की मी खुर्चीसकट खाली. कोपर ओट्याच्या कडेवर आपटले. पत्नी घाबरून म्हणाली, "अजी, बटन तो बंद हय ना?"

बटण खरोखरच बंद होते.

लाज वाटण्याचे कारण वेगळे आहे. मी चाकण एमआयडीसीतल्या एका कारखान्यात मेंटेनन्सला आहे. तिथे मशीनच्या पॅनलला हात लावायचा असेल तर आधी मेन पाडायचा, त्याला स्वतःचे कुलूप लावायचे, चावी खिशात ठेवायची, कुलपावर नावाची पाटी अडकवायची, मग टेस्टरने तपासायचे आणि त्यानंतरच पाना हातात घ्यायचा. या पद्धतीला आम्ही सगळे 'लोटो' म्हणतो, म्हणजे लॉक आणि टॅग. अमेरिकेत १९८९ साली याचा सरकारी नियम निघाला. आज आपल्या पट्ट्यातल्या मोठ्या कारखान्यांत नव्या पोराला पहिल्याच आठवड्यात हे शिकवतात. कुलूप न लावता पॅनल उघडले तर गेटपास जमा होतो. आणि तोच माणूस घरी ओल्या हाताने, हलत्या खुर्चीवर, फक्त बटणावर विश्वास ठेवून वर चढतो. निघोजे, महाळुंगे, कुरुळी, खराबवाडी, कुठल्याही खोल्यांच्या ओळीत जा. लातूर-नांदेड-बीडकडून आलेले, कारखान्यात हे नियम पाळणारे शेकडो भाऊ घरी असेच करतात.

बटण दाबल्यावर काय होते

बल्बकडे दोन तारा जातात. एक फेज, तिच्यात २३० व्होल्ट असतात. दुसरी न्यूट्रल, तिच्यातून करंट परत जातो. बटण फेजवर बसवायचे असा नियम आहे, म्हणजे बटण बंद केले की होल्डरपर्यंत वीज पोचतच नाही. पण खोल्या घाईने बांधताना वायरिंग ज्याच्या हाती लागेल तो करतो, रंग पाहिले जात नाहीत, आणि बटण न्यूट्रलवर बसते. बल्ब दोन्ही प्रकारांत सारखाच लागतो आणि सारखाच विझतो, म्हणून वर्षानुवर्षे कुणाला पत्ता लागत नाही.

नळाचे उदाहरण घ्या. टाकीजवळचा कॉक बंद केला तर पुढचा पाइप रिकामा होतो. पाइपाच्या शेवटचा नळ बंद केला तर पाणी पडायचे थांबते, पण पाइप भरलेलाच असतो. आमच्या ओट्यावरचा होल्डर तसा भरलेला होता.

ओळखण्याची एक खूण घरबसल्या दिसते. रात्री बटण बंद केल्यावरही एलईडी बल्ब मंद मिणमिणत असेल तर बटण न्यूट्रलवर असण्याची शंका घ्या. बटणातच छोटा लाल दिवा असला किंवा दोन तारा लांबवर चिकटून गेल्या असल्या तरी असे होऊ शकते, त्यामुळे ही खात्रीची खूण नव्हे. पण मिणमिणणारा बल्ब दिसला तर वायरमनला एकदा दाखवाच. आमचा दोन वर्षे मिणमिणत होता. मुलांना त्याची झोपताना सोबत वाटायची म्हणून आम्ही त्याला झिरोचा बल्ब समजलो होतो!

किती करंटने माणूस जातो, हेही नीट समजून घेतले पाहिजे. जुना ६० वॅटचा बल्ब सुमारे २६० मिलिअँपिअर करंट घेतो. शरीरातून १० मिलिअँपिअरच्या पुढे गेला की स्नायू आखडतात आणि धरलेली तार सोडवत नाही. ३० च्या पुढे श्वास आणि हृदय दोन्ही धोक्यात येतात. म्हणजे बल्बला लागतो त्याचा आठवा-नववा हिस्सा पुरतो. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या अहवालानुसार २०२१ या एका वर्षात देशात विजेच्या धक्क्याने बारा हजारांहून अधिक माणसे गेली.

बल्ब बदलण्याची रीत

आधी हात आणि पाय कोरडे करा. वुजू किंवा भांडी केल्यावर लगेच बोर्डाकडे जाऊ नका. पायात रबरी चप्पल घाला. मग बटण बंद करून मेनही पाडा. आमच्यासारखी पेटी कुलपात असेल तर उजाडेपर्यंत थांबा. सहरी मोबाइलच्या उजेडातही होते. मेन पाडल्यावर घरातल्या एकाला तिथे उभे करा, किंवा पुठ्ठ्यावर 'काम चालू, मेन चढवू नये' असे लिहून अडकवा. ओळीतल्या खोल्यांत हे फार गरजेचे आहे, कारण शेजारचा माणूस लाइट गेली समजून भलताच मेन वर करतो.

नंतर टेस्टर. तो आधी चालू असलेल्या सॉकेटवर लावून पेटतो का पाहा, मग आपल्या जागी लावा, आणि पुन्हा चालू जागी. टेस्टर स्वतःच बिघडलेला असू शकतो, म्हणून दोनदा खात्री. त्याच्या वरच्या टोपीला बोट टेकवल्याशिवाय तो पेटत नाही. उन्हाच्या उजेडात पेटलेला दिसत नाही, तेव्हा हाताने आडोसा करून पाहा. मेन पाडल्यावरही होल्डरवर टेस्टर पेटला तर काम तिथेच थांबवून वायरमनला बोलवा. एकेरी एमसीबी एकच तार तोडतो, आणि मागे तारा उलट जोडल्या असतील तर तो चुकीची तार तोडतो.

पिनवाला बल्ब वर दाबून डावीकडे फिरवला की सुटतो. नुकताच विझलेला असेल तर थंड होऊ द्या. एलईडीचाही टोपणाजवळचा भाग तापतो. टोपण अडकले असेल तर मेन पाडून, टेस्टर लावून, कोरड्या पकडीने काढा. चिमटीत धरू नका. काढल्यावर दुसरा बल्ब नसेल तर जळका बल्बच परत लावून ठेवा. रिकाम्या होल्डरच्या दोन पिनांपर्यंत मुलाचे बोट सहज जाते.

चढण्यासाठी प्लॅस्टिकची खुर्ची नको, तिचे पाय फरशीवर पसरतात. लाकडी स्टूल घ्या आणि कुणाला तरी धरायला सांगा. मला झटक्यापेक्षा पडण्याने जास्त लागले.

जुनी सीएफएल फुटली तर घाईने झाडू फिरवू नका. तिच्यात थोडा पारा असतो. मुलांना बाहेर काढा, खिडकी-दार उघडून दहा मिनिटे थांबा, तुकडे जाड कागदाने उचलून झाकणाच्या बरणीत ठेवा, बारीक चुरा चिकटपट्टीने टिपा.

खर्चाचा हिशेबही सांगतो. ६० वॅटचा बल्ब रोज पाच तास लावला तर महिन्याला ९ युनिट जातात. तितकाच उजेड देणारा ९ वॅटचा एलईडी दीड युनिटही घेत नाही. ५ जानेवारी २०१५ ला सरकारची उजाला योजना आली. तिच्यातून ३६ कोटींहून अधिक एलईडी बल्ब वाटले गेले, आणि सरकारी खरेदीत ३१० रुपयांना पडणारा बल्ब दोन-तीन वर्षांत ३८ रुपयांवर उतरला. आठवडी बाजारातल्या ढिगातला बिनशिक्क्याचा बल्ब मात्र घेऊ नका. त्याचेच अंग टोपणापासून सुटते. आयएसआय किंवा मानक ब्युरोचा नोंदणी क्रमांक पाहून घ्या.

चांगले बल्बही महिन्या-पंधरा दिवसांत उडत असतील तर दोष बहुधा होल्डरच्या ढिल्या स्प्रिंगचा असतो. पण एका खोलीत दिवे अचानक झगझगीत आणि शेजारच्या खोलीत मंद, असे झाले तर ते वेगळे आणि गंभीर आहे. ओळीची न्यूट्रल तार कुठेतरी सुटलेली असू शकते. तत्काळ मेन पाडा, मालकांना कळवा, आणि दोष खांबाकडचा वाटला तर महावितरणला १९१२ वर फोन करा.

बायकांनी वायरीला हात लावू नये?

आमच्या ओळीत एक आजी नेहमी असे म्हणतात. मला ते पटत नाही. निम्म्या खोल्यांतले पुरुष नाइट शिफ्टला असतात. रात्री अकराला दिवा गेला तर लहान मुलांना घेऊन बसलेल्या बाईने सकाळपर्यंत अंधारात राहायचे का? मेन कुठे आहे, टेस्टर कसा धरायचा, हे तिला आलेच पाहिजे. पत्नीला मी हे त्याच आठवड्यात शिकवले. आता ती माझ्यापेक्षा काटेकोरपणे करते, आणि माझ्याआधी टेस्टर मागते.

उलट बाजूही आहे. घरातले छोटे काम कमीपणाचे मानणारे पुरुष आपल्यात कमी नाहीत. ह. आयेशा (रजि.) यांना कुणी विचारले होते की प्रेषित (स.) घरात काय करत. त्यांनी सांगितले की ते घरच्यांच्या कामात असत, आणि आपल्या चपला सांधणे, कपडे शिवणे हेही स्वतः करत. झोपण्यापूर्वी घरातले दिवे विझवा, उंदीर वात ओढून नेईल आणि घर पेटेल, ही त्यांची ताकीदही हदीसच्या ग्रंथांत आहे. आज वातीच्या जागी चार्जर आणि एक्स्टेंशन बोर्ड आले आहेत. झोपताना ते काढून ठेवण्याची सवय मी त्या ताकिदीतच मोजतो.

स्वतः करायची कामे थोडीच आहेत: बल्ब, प्लगची पिन, मेन पाडून होल्डरचे झाकण. पिनेत लाल तार फेजला, काळी न्यूट्रलला, हिरवी मोठ्या पिनेला. नव्या उपकरणांत याच जागी तपकिरी, निळी आणि हिरवी-पिवळी येते. मोठी पिन लांब असते कारण अर्थिंग आधी जोडले जावे आणि शेवटी सुटावे. इस्त्रीची ही पिन कापून दोन पिनांच्या सॉकेटमध्ये घालणारे महाभाग मी पाहिले आहेत. हिरवी तार आत थोडी लांब ठेवा, म्हणजे वायर ओढली गेली तरी ती सर्वांत शेवटी तुटेल.

बोर्डाच्या आतले वायरिंग, वारंवार पडणारा एमसीबी, खांबावरून येणारी तार ही परवानाधारक वायरमनची कामे. जुन्या किटकॅट फ्यूजमध्ये जाड तांब्याची तार भरू नका. मग फ्यूज जाण्याऐवजी भिंतीतली वायर जळते.

पत्र्याच्या खोल्यांत अजून दोन गोष्टी जिवावर येतात. एक म्हणजे कपडे वाळत घालायची लोखंडी तार. तिचे टोक पत्र्याला बांधलेले, पत्र्यावरून सर्व्हिस वायर गेलेली. वायर घासून सोलली की पत्रा आणि तार दोन्हींत करंट, आणि ओला कपडा टाकणारी बाई तिला चिकटते. सुताची किंवा नायलॉनची दोरी वीस-तीस रुपयांत येते, आजच बदला. दुसरी, पाणी तापवायचा रॉड. बटण बंद करून पिन सॉकेटमधून बाहेर काढल्याशिवाय पाण्यात बोट घालू नका. बादली पत्र्याची नको.

कुणाला करंट लागला तर त्याला हात लावू नका. आधी मेन पाडा. ते जमत नसेल तर कोरड्या लाकडाने तार दूर करा, मग १०८ ला फोन, आणि श्वास थांबला असेल तर छाती दाबणे सुरू करा.

मालकांशी बोलणे

माझ्या पडण्यानंतर आम्ही चार भाडेकरू खोलीमालकांकडे गेलो. भांडायला नव्हे, ते भले गृहस्थ आहेत, ईदला शीरखुर्मा प्यायला येतात. त्यांना वाटत होते की प्रत्येक खोलीला एमसीबी आहे म्हणजे सगळे सुरक्षित आहे. एमसीबी सहा किंवा दहा अँपिअरच्या पुढे पडतो. तो वायरीला वाचवतो. माणसाला मारायला लागणारा करंट त्याच्या हिशेबातच येत नाही. माणसासाठी ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी लागतो. जितका करंट गेला तितका परत आला नाही, म्हणजे तो कुणाच्या तरी अंगातून जमिनीत गेला, हे ओळखून तो क्षणार्धात वीज तोडतो. अर्थिंग कच्चे असले तरी तो काम करतो. दोन्ही तारा एकदम बोटांत धरल्या तर मात्र त्यालाही कळत नाही, म्हणून रिकाम्या होल्डरचा धोका त्यानेही जात नाही.

एका खोलीच्या आरसीसीबीचा खर्च साधारण एका महिन्याच्या भाड्यापेक्षा कमी येतो. मालक आधी हसले, मग हिशेब करत बसले. शेवटी ठरले की अर्धे ते देतील, अर्धे आम्ही दोन हप्त्यांत. शिवाय सगळ्या खोल्यांची बटणे फेजवर घ्यायची, आणि पेटीची एक चावी पडवीत काचेच्या डबीत ठेवायची. वायरमनने तपासले तेव्हा दहापैकी चार खोल्यांत बटणे न्यूट्रलवर निघाली. त्यातली एक त्या आजींची होती.

पाच खोल्यांचे काम झाले आहे, उरलेल्या पाचांचे पावसाळ्याआधी होईल. आरसीसीबीवर एक छोटे टेस्टचे बटण असते, ते महिन्यातून एकदा दाबून तो पडतो का पाहायचे असते. आमच्या ओळीत ते पहिल्या जुम्याला दाबतात, आणि दाबायचे काम मुलांनी आपसात वाटून घेतले आहे.