उंदराच्या अंगात माणसाच्या पेशी

एचआयव्ही या रेट्रोव्हायरसची लागण उंदराला होत नाही. पेशीत शिरायला त्याला माणसाचा सीडी-४ रेणू लागतो, उंदराचा चालत नाही. मग औषधे तपासायची कशावर?

वाट मिळाली ती दुबळ्या उंदरांमुळे. १९८३ मध्ये अमेरिकेत मेल्विन बोस्मा यांना जन्मतःच टी आणि बी पेशी नसलेले उंदीर आढळले. परके काही नाकारण्याची ताकदच त्यांच्यात नव्हती. म्हणून १९८८ मध्ये त्यांच्या शरीरात माणसाच्या प्रतिकारपेशी रुजवता आल्या, आणि तिथे एचआयव्हीही वाढला. गंमत बघा, पहारेकरी नसेल तर या चोराला घरच मिळत नाही! ज्या प्रतिकारपेशींवर सीडी-४ रेणू असतो, त्या सीडी-४ पेशी त्याचे भक्ष्य. सीडी-८ पेशी मात्र बाधित पेशी मारतात; त्या काढून टाकल्या की अशा उंदरांत विषाणू फोफावतो. १९९० मध्ये एझेडटी हे एचआयव्हीवरचे औषधही याच उंदरांवर तपासले गेले.

चंदगडच्या एखाद्या रुग्णाच्या रिपोर्टवर दिसणारा ‘सीडी-४ काउंट’ म्हणजे याच सीडी-४ पेशींची मोजणी. निरोगी माणसात तो साधारण ५०० ते १५००. एचआयव्हीबाधिताचा तो २०० च्या खाली गेला की एड्स. सरकारी केंद्रांत २००४ पासून मोफत मिळणाऱ्या एआरटीच्या गोळ्या विषाणू दाबतात, पेशी पुन्हा वाढतात. पण काही पेशींत तो दडून राहतोच. बरे वाटतेय म्हणून गोळ्या सोडल्या, की काही आठवड्यांत तो परत रक्तात दिसू लागतो.